जगाच्या नकाशाची पाटी

सन २०१० च्या जानेवारी महिन्याची १२ तारीख होती. सायंकाळचे पाच वाजण्यास काही मिनिटांचा अवकाश असताना हैती देशाची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स हिला भूकंपाचा जबरदस्त धक्का बसला. घरे, शाळा, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या क्षणार्धात कोसळल्या. देशोदेशींहून मदतीची पथके निघाली. परंतु विमानातून उतरल्यावर जखमींपर्यंत पोचायचे कोणत्या रस्त्याने, हे त्यांना कोण सांगणार? त्या शहराचा पुरेसा तपशीलवार नकाशा त्यांना सहजासहजी मिळण्याजोगा नव्हता. तेव्हा निरनिराळ्या देशांतील शेकडो माणसे आपापल्या घरी संगणकापुढे बसली आणि आकाशातून टिपलेल्या छायाचित्रांवरून एकेक गल्ली, एकेक पूल रेखाटू लागली. जेथे जवळजवळ कोरी जागा होती, तेथे थोड्याच दिवसांत एका गजबजलेल्या शहराचा नकाशा उभा राहिला आणि मदत करणाऱ्यांनी तो आपल्या हातातील यंत्रांत भरून घेतला.

ज्या उपक्रमात हे काम झाले, त्याचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. सन २००४ मध्ये इंग्लंडमधील स्टीव्ह कोस्ट यांनी तो आरंभिला. त्या देशातील सरकारी नकाशे उत्तम होते. पण त्यांतील माहिती वापरावयाची तर परवाना घ्यावा लागे आणि पैसेही मोजावे लागत. ज्यांना रस्ते ठाऊक आहेत त्या लोकांनीच आपला नकाशा काढावा आणि तो सर्वांना मोकळा ठेवावा, असा विचार या उपक्रमामागे होता.

नकाशा काढावयाचा म्हणजे पाटी-पेन्सिल हवी. येथे हे काम संगणकावरील एक आज्ञावली करते. प्रारंभीच्या वर्षांत पॉटलॅच नावाची आज्ञावली वापरली जाई. ती फ्लॅश नावाच्या तंत्रावर चाले. पुढे २०१३ साली आयडी ही नवी आज्ञावली लोकांच्या हाती आली. ती जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली असल्यामुळे कोणत्याही साध्या ब्राउझरमध्ये, वेगळे काही न बसवता, चालू शकते. हा बदल दूरदृष्टीचा ठरला, असेच म्हणावे लागेल. कारण २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधारच काढून घेण्यात आला.

अशा आज्ञावलीला वेब ॲप्लिकेशन म्हणतात. तिची रचना टपाल कचेरीसारखी असते. बाहेर खिडकी असते, तेथे लोक येतात, पत्र देतात, तिकीट घेतात. आत कोठी असते, तेथे पत्रे निवडली व साठवली जातात. वेब ॲप्लिकेशनच्या खिडकीला फ्रंट एंड म्हणतात. आयडी ही केवळ खिडकी आहे. साऱ्या जगाचा नकाशा दूर ठेवलेल्या सर्व्हरवर असतो. आयडी त्यातील हवा तेवढा तुकडा मागून घेते, त्यात फेरफार करू देते आणि फेरफार परत पाठवते. खिडकीचे काम दुय्यम, असे मात्र कोणी समजू नये. एखादी कळ चुकीच्या जागी असली किंवा एखादा शब्द संदिग्ध असला, तर घाईत काम करणारा मनुष्य पायवाटेला मोटाररस्ता ठरवून मोकळा होतो, आणि त्या नकाशावर विसंबलेली रुग्णवाहिका वाटेतच अडकते.

या नकाशाची बाराखडी फार थोड्या अक्षरांची आहे. पहिले अक्षर बिंदू. तो पृथ्वीवरील एक जागा दाखवतो. बिंदू ओळीने जोडले की रेषा होते. रस्ता, नदी किंवा इमारतीची भिंत अशी रेषेनेच काढतात. एका रेषेत जास्तीत जास्त २००० बिंदू असू शकतात. अनेक वस्तूंचे नाते सांगावयाचे असेल, उदाहरणार्थ एका बसचा संपूर्ण मार्ग, तर त्यासाठी संबंध हा तिसरा प्रकार आहे. ही वस्तू शाळा आहे की विहीर, हे तिला जोडलेल्या खुणांवरून कळते. गावाचे नाव निरनिराळ्या भाषांत लिहिण्यासाठी वेगवेगळ्या खुणा आहेत; त्यांत मराठी नावाचीही स्वतंत्र खूण आहे. नकाशावर आपल्या गावाचे नाव देवनागरीत शुद्ध उमटावे, असे ज्याला वाटते, त्याला ते स्वतः लिहिता येते.

आता पाटीवरचे पुसण्याचे काम पाहू. चुकलेली रेषा मागे घेता आली पाहिजे, हे उघड आहे. पण ते साधावे कसे? आयडीच्या कर्त्यांनी योजलेली युक्ती मोठी मौजेची आहे. काढलेला नकाशा ही आज्ञावली कधीच खोडत नाही. प्रत्येक फेरफाराबरोबर ती नकाशाची नवी प्रत करते आणि जुनी प्रत जशीच्या तशी ठेवते. मग मागे जाणे म्हणजे आधीची प्रत पुन्हा समोर धरणे, एवढेच उरते. शंभर फेरफार झाले तर शंभर नकाशे साठवून संगणक थकणार नाही का, अशी शंका येईल. पण नव्या प्रतीत फक्त बदललेली वस्तू नवी असते. बाकीच्या सर्व वस्तू जुन्या प्रतीतल्याच वापरल्या जातात. हजार पानांच्या चोपडीत एक पान बदलावयाचे असेल, तर कोणी सारी चोपडी पुन्हा लिहीत नाही. ते एक पान लिहितो आणि बाकीची तीच ठेवतो. तसेच हे आहे. शिवाय न पाठवलेले काम ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत राहते. मध्येच वीज गेली, तरी बहुधा पुढच्या वेळी ते काम परत मिळवता येते. ज्यांच्या गावी वीज वारंवार जाते, त्यांना या सोयीचे मोल सांगावयास नको.

ही आज्ञावली कोणा एकाच्या मालकीची नाही. तिचा मजकूर सर्वांना वाचण्यास खुला आहे आणि ज्याला ती सुधारावीशी वाटते, त्याला तशी मुभा आहे. नवागताने प्रथम करावयाचे ते हे, की मजकुराचे संपूर्ण भांडार आपल्या संगणकावर उतरवून घ्यावयाचे. यासाठी गिट नावाचे साधन वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तयार केले. गिट नुसता मजकूर आणत नाही. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलली, याची सारी बखर ते बरोबर आणते.

दुसरे साधन नोड. ब्राउझरच्या बाहेरही जावास्क्रिप्ट चालावी म्हणून ते २००९ मध्ये निर्माण झाले. त्याच्या जोडीला एनपीएम हा कोठीवाला असतो. आयडी ज्या इतर लहानमोठ्या आज्ञावलींवर अवलंबून आहे, त्यांची यादी भांडारातच असते. एक आज्ञा देताच एनपीएम त्या सर्व आणून ठेवतो. ही सोय मोठी, पण तिच्यात धोकाही आहे. मार्च २०१६ मध्ये अवघ्या अकरा ओळींची एक आज्ञावली तिच्या कर्त्याने एका वादातून काढून घेतली, आणि तिच्यावर विसंबलेल्या असंख्य आज्ञावलींची उभारणी जगभर अडून पडली. काही तासांतच ती परत ठेवावी लागली. पुढे, ज्यावर इतरांचे काम अवलंबून आहे अशी वस्तू सहजासहजी काढता येऊ नये, असा नियम झाला. चौकटीतला लहानसा खिळाही कोणाचा तरी भार पेलत असतो, हे त्या दिवशी पुष्कळांना उमगले.

सर्व सामग्री आली की तिची बांधणी करावयाची आणि मग आपल्याच संगणकावर ती चालू करावयाची. ब्राउझरमध्ये नकाशा उघडतो. पण ही घरची प्रत असते, जगाला दिसणारी नव्हे. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. आज्ञावली घरची असली, तरी तिला खऱ्या सर्व्हरशी जोडून फेरफार पाठवले, तर ते खऱ्या नकाशावरच उमटतात. म्हणून सरावासाठी निराळा सर्व्हर ठेवलेला आहे. तेथे समुद्रात रस्ता काढला तरी कोणाचे नुकसान होत नाही.

मग प्रत्यक्ष सुधारणेचे काम. तेथे एकदम मोठे घर बांधावयास निघणे शहाणपणाचे नव्हे. आढळलेल्या दोषांची एक जाहीर यादी असते. तीतला लहानसा दोष निवडावा हे बरे. समजा, एक लांब शब्द कळीच्या बाहेर जातो, एवढाच दोष आहे. नवागत आपल्या प्रतीत एक वेगळी शाखा काढतो, म्हणजे मूळ मजकुराला धक्का लागत नाही. त्या शाखेवर दोन-चार ओळी बदलतो आणि चाचण्या चालवून पाहतो. आज्ञावलीबरोबर अशा शेकडो चाचण्या लिहून ठेवलेल्या असतात. रेषा दुभंगली की दोन्ही तुकड्यांवर खुणा राहतात काय, जोडली की बिंदू बरोबर राहतात काय, असे प्रश्न त्या यंत्रालाच विचारतात. एक ठिकाणी केलेली डागडुजी दुसऱ्या ठिकाणी भिंत पाडते, असा प्रकार या धंद्यात फार. चाचण्या तो वेळीच उघडा पाडतात.

त्यानंतर बदल मूळ भांडाराकडे विनंतीच्या रूपाने पाठवतात. तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. विनंतीसोबत चार ओळी लिहाव्या लागतात: दोष काय होता, तो कसा दूर केला, काय तपासून पाहिले. भांडार सांभाळणारे लोक ओळ न् ओळ वाचतात. पुष्कळदा ते शंका काढतात: उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबीत ही कळ कशी दिसेल? लहान पडद्यावर काय होईल? पहिल्या खेपेस बदल परत येणे यात अपमान काही नाही. मुरलेल्या लोकांचेही बदल परत येतात. दुरुस्ती होते, पुन्हा वाचन होते, आणि मग ती शाखा मूळ मजकुरात मिसळली जाते.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा हैतीची आठवण ताजी होतीच. पुन्हा हजारो माणसे डोंगरातील वाड्या, पायवाटा आणि हेलिकॉप्टर उतरवता येईल अशी मोकळी मैदाने रेखाटण्यास बसली. त्यांतील कित्येकांनी पूर्वी कधी नकाशा काढला नव्हता. त्यांच्यासमोर आयडीची खिडकी होती. तिच्यातली एकेक कळ कोणीतरी, कोठेतरी, सावकाश तपासून बसवलेली होती.