देहप्रतिमा आणि आत्मसन्मान

आरशात पाहताना माणसाला आपला चेहरा दिसतो आणि त्याबरोबरच लहानपणापासून त्या चेहऱ्याविषयी ऐकलेले शब्दही आठवतात. स्वतःच्या शरीराविषयी मनात तयार झालेल्या या चित्राला 'देहप्रतिमा' असे म्हणतात. ही प्रतिमा आपण एकट्याने घडवत नाही. घरातील माणसे, शेजारी, सोबती, जाहिराती आणि चित्रपट हे सर्व ती घडवत असतात. 'जाड्या', 'लुकडी', 'ठेंगू', 'काळी' अशी नावे ठेवून एखाद्याला त्याच्या शरीरावरून हिणवणे, म्हणजेच बॉडी शेमिंग, ही या घडणीतील सर्वांत घातक गोष्ट होय. बोलणारा 'गंमत केली' म्हणून विसरून जातो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र तो शब्द घर करून राहतो. 'मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव' ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

विविधतेची वसाहत

दिल्लीतील आर. के. पुरम, म्हणजेच रामकृष्णपुरम, ही मुख्यतः केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली वसाहत आहे. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहत आली आहेत. येथील टेकडीवरचे मलै मंदिर, अय्यप्पा मंदिर आणि दिल्ली तमिळ संघ ही या मिश्र वस्तीची ठळक खूण आहे. लगतच्या मुनिरका भागात ईशान्य भारतातून शिक्षणासाठी व नोकरीसाठी आलेले अनेक तरुण राहतात. अशा ठिकाणी भाजीच्या बाजारात किंवा बसच्या रांगेत उभे राहिले, तरी वर्ण, उंची, बांधा, केस आणि डोळ्यांची ठेवण यांचे किती प्रकार असू शकतात, हे सहज लक्षात येते. यांपैकी कोणता प्रकार प्रमाण मानावा आणि कोणता सदोष? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण असे प्रमाण निसर्गात अस्तित्वातच नाही. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण शरीराच्या बाबतीतही तितकीच खरी आहे.

तरीही आपल्यापेक्षा वेगळे दिसणाऱ्याला हसण्याची वृत्ती समाजात टिकून आहे. ती कोठवर जाऊ शकते, हे याच दिल्लीने 2014 मध्ये पाहिले. जानेवारीच्या अखेरीस लाजपतनगर भागात अरुणाचल प्रदेशातील निडो तानियाम या तरुण विद्यार्थ्याच्या केसांवरून व दिसण्यावरून थट्टा करण्यात आली. त्यातून भांडण झाले, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. या घटनेनंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. ईशान्येकडील नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी समितीने कायद्यात बदल सुचवले आणि त्या प्रदेशाची ओळख शालेय शिक्षणातून करून द्यावी, अशीही शिफारस केली. प्रत्येक टोमण्याचा शेवट असा होत नाही. परंतु दिसण्यावरून एखाद्याला कमी लेखण्याची जी वृत्ती या घटनेच्या मुळाशी होती, तीच वृत्ती रोजच्या टोमण्यातही असते.

गोरेपणाचा हव्यास

महाराष्ट्रात सावळ्या विठ्ठलाची भक्ती शतकानुशतके चालत आली आहे. त्याच महाराष्ट्रात सून शोधताना मात्र 'गोरी, सडपातळ' मुलगी हवी असते. या विसंगतीचा लाभ बाजाराने घेतला. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम भारतात 1975 मध्ये आले. गोरे झाल्यावरच नोकरी, विवाह आणि मान मिळतो, असे अशा अनेक क्रीमच्या जाहिराती वर्षानुवर्षे सुचवत राहिल्या. गडद वर्णाच्या व्यक्तीला अनाकर्षक, दुःखी किंवा अयशस्वी दाखवू नये, असे निर्देश भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये दिले. 2020 मध्ये उत्पादक कंपनीने आपल्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढून टाकला. नाव बदलले, तरी हव्यास संपलेला नाही.

या हव्यासाची किंमत कधी कधी शरीराला मोजावी लागते. अकोल्यातील एकाच कुटुंबातील आई व तिच्या दोन मुलींना गोरे करणारे क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे प्रकरण 2023 च्या आरंभी प्रसिद्ध झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने केलेल्या तपासात त्या क्रीममध्ये पारा आढळला. पारा त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. म्हणून ज्या क्रीमवर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक छापलेला नाही, ते कधीही वापरू नये.

वर्णामागील शास्त्र अगदी साधे आहे. त्वचेतील विशिष्ट पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. या पेशींची संख्या सर्व माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात व प्रकारात. मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते. म्हणजे ज्या रंगाची लाज बाळगण्यास शिकवले जाते, तो रंग प्रत्यक्षात शरीराची ढाल आहे.

आरोग्य वेगळे, रूप वेगळे

'जाडी वाढली म्हणून सांगितले, त्यात काय चुकले?' असे अनेक जण विचारतात. येथे एक भेद समजून घेतला पाहिजे. वजन हा आरोग्याचा विषय आहे, यात शंका नाही. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरभार निर्देशांक मिळतो. 60 किलो वजनाच्या व 1.60 मीटर उंचीच्या व्यक्तीचा निर्देशांक सुमारे 23.4 येतो. पण हा आकडा केवळ प्राथमिक अंदाज देतो. चरबी किती आणि स्नायू किती, हे त्यावरून कळत नाही. अनुवंश, थायरॉइडचे विकार, काही औषधे, बाळंतपण व वाढते वय यांचाही वजनावर परिणाम होतो. म्हणून त्याविषयीचा सल्ला डॉक्टरांनी तपासणी करून द्यावा. चारचौघांत मारलेल्या टोमण्याने कोणाचे वजन कमी होत नाही. उलट हिणवली गेलेली व्यक्ती कधी उपाशी राहते, कधी दुःखाच्या भरात अधिक खाते, तर कधी लोकांत मिसळणेच सोडून देते.

आपण काय करावे?

कोणी आपल्याला शरीरावरून बोलले, तर शांतपणे पण स्पष्टपणे सांगावे : 'माझ्या दिसण्याविषयी असे बोललेले मला आवडत नाही.' असे बोलणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. दररोज आपल्या हातापायांनी केलेल्या कामाची नोंद मनाशी घ्यावी. ओझे उचलणारे खांदे, पोळ्या लाटणारे हात आणि लेकराला कडेवर घेणारी कंबर यांचे मोल रूपावरून ठरत नाही. सतत उदास वाटत असेल, जेवण नकोसे झाले असेल किंवा जगणेच नको असा विचार मनात येत असेल, तर मदत मागण्यास संकोच करू नये. 2022 मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

कामाच्या ठिकाणी अशी शेरेबाजी झाल्यास ती निमूटपणे सोसण्याची गरज नाही. स्त्रीच्या शरीररचनेवर केलेली टिप्पणी लैंगिक छळ ठरू शकते, असे केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये एका प्रकरणात म्हटले आहे.

आपली सर्वांत मोठी जबाबदारी मात्र घरात आहे. पाहुण्यांसमोर 'आमची ही जरा काळीच आहे' असे सहज म्हणणारे पालक मुलीचे वाईट चिंतत नसतात. पण त्या वाक्यातून ती स्वतःला कमी लेखण्यास शिकते. मुलांना हाक मारताना त्यांच्या नावानेच मारावी. त्यांचे कौतुक करताना रूपापेक्षा कष्ट, प्रामाणिकपणा आणि कौशल्य यांचा उल्लेख करावा. कोणी दुसऱ्याला हिणवत असेल, तर त्या हसण्यात आपण सामील होऊ नये. हसणारे कमी झाले, की हिणवणाऱ्याचा उत्साहही ओसरतो.