पंज्यावरून कुंडली

आमच्या सोसायटीत कुत्र्याचं पिल्लू आलं की बारशाआधी त्याची कुंडली मांडली जाते. बुंदी आली तेव्हाही तेच झालं. भर पावसात भज्यांच्या गाडीखाली सापडलेली, मूठभर, पिवळसर. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तिचा पुढचा पंजा दाबून पाहिला आणि निकाल दिला, "लॅब क्रॉस आहे. तीस किलोला मरण नाही." सेक्रेटरींची काळजी वेगळी, "लहानच राहील ना हो? मोठं कुत्रं चालायचं नाही." (लहान कुत्रं चालेल, मोठं नाही, असा आग्रह सोसायटीला धरता येत नाही, असं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण पहिल्याच दिवशी भांडण कशाला!)

पंज्याचा ठोकताळा अगदीच खोटा नाही. थोराड हाडाच्या पिल्लाचे पंजे मोठेच असतात. पण पिल्लू सगळीकडून सारखं वाढत नाही. मध्येच पंजे आणि कान पुढे पळतात, अंग मागून येतं. त्या दिवसांत कुठलंही गावठी पिल्लू लॅब वाटू शकतं.

मुळात अडतं ते वयापाशी. पाच किलोचं पिल्लू दोन महिन्यांचं असेल तर गोष्ट वेगळी, चार महिन्यांचं असेल तर वेगळी. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाची जन्मतारीख कोण देणार? म्हणून डॉक्टर आधी तोंड उघडून बघतात. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात आणि दोन महिन्यांच्या आत सगळे 28 येतात. चौथ्या महिन्याच्या आसपास पुढचे पडायला लागतात, सुळे त्यानंतर, आणि सहा-सात महिन्यांत कायमचे 42 भरतात. म्हणजे दोन ते साडेतीन महिन्यांच्या मधल्या काळात तोंड फारसं काही सांगत नाही. आणि बहुतेक पिल्लं घरी येतात ती नेमकी याच वयात. त्यात पोट जंतांनी फुगलेलं असलं की पिल्लू उगाच गुटगुटीत दिसतं.

बुंदीचं वय ठरलं दहा आठवडे, एखादा इकडेतिकडे. मग माझ्या हाती ते प्रसिद्ध गणित लागलं: आजच्या वजनाला आठवड्यांतल्या वयाने भागा आणि 52 ने गुणा. सोळाव्या आठवड्यात ती साडेसात किलोची होती. उत्तर आलं साधारण 24.4 किलो. काका खूश! पण हे गणित धरून चालतं की कुत्रं वर्षभर एकाच वेगाने वाढतं. प्रत्यक्षात पिल्लू सुरुवातीला सुसाट वाढतं आणि मग मंदावतं. छोट्या चणीची कुत्री आठ-दहा महिन्यांतच पुरी वाढतात, मध्यम चणीची वर्षाच्या आसपास, थोराड जातींना दीड वर्ष किंवा त्याहूनही जास्त लागतं. त्यामुळे मध्यम चणीच्या पिल्लाचं चार महिन्यांचं वजन दुप्पट करणं त्यातल्या त्यात बरं. बुंदीचं उत्तर त्या हिशेबाने पंधरा येत होतं, आणि त्यात दोन-तीन किलोंचा फरक धरायलाच हवा.

याहून चांगला मार्ग म्हणजे एक आकडा न बघता रेषा बघणं. लहान मुलांचे वाढीचे तक्ते असतात तसे कुत्र्यांसाठीचे तक्ते वॉल्थम या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017मध्ये प्रसिद्ध केले, नर-मादी वेगळे आणि मोठेपणीच्या वजनाप्रमाणे गट पाडून. घरी काटा एकच असला तरी चालतं: आधी आपण एकटे उभे राहायचं, मग पिल्लाला घेऊन, आणि वजाबाकी करायची. दर रविवारी.

आईबाप माहीत असते तर? दोन शुद्ध जातींचा पहिला संकर बहुधा दोघांच्या अधेमधे राहतो. पुढच्या पिढीत मात्र पत्ते पिसले जातात. आपल्या गल्लीतले पत्ते तर कित्येक पिढ्या पिसलेले, आणि एका वेतातल्या पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात. आकार ठरवणारी जनुकं अनेक. त्यातलं आयजीएफ-1 सगळ्यांत वजनदार, हे 2007मध्ये कळलं. कुत्र्याला लहान ठेवणारं त्याचं रूप माणसाने घडवलं असेल असं वाटत होतं, पण 2022मध्ये ते सायबेरियातल्या सुमारे 54,000 वर्षांपूर्वीच्या लांडग्यात सापडलं. म्हणजे पॉमेरेनियनच्या चणीचं बीज कुत्रा माणसाळण्याच्याही आधीचं! डॅशंडचे आखूड पाय ही आणखी निराळी गंमत. त्यासाठी आई किंवा बाप एकाकडून आलेलं जनुक पुरतं, म्हणून गावठी तोंडाचं आणि बुटक्या पायांचं कुत्रं अधूनमधून दिसतं.

या सगळ्यात एक खटकणारी गोष्ट म्हणजे आकार "काढण्याची" हौस. मोठं व्हावं म्हणून ठासून खायला घालणं, मनानेच कॅल्शियमचं सिरप सुरू करणं. जास्त खाण्याने पिल्लू लठ्ठ होतं, त्याचं हाड रक्तात आहे त्यापेक्षा थोराड होत नाही. आणि लहान पिल्लाच्या शरीराला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही. थोराड जातीच्या पिल्लांची हाडं आणि सांधे त्याने बिघडू शकतात. चांगलं तयार पपी फूड चालू असेल तर वरून काही लागत नाही. घरचं जेवण असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावं, शेजाऱ्यांना नाही.

बुंदी आता सव्वा वर्षाची आहे. वजन साडेसतरा किलो, आणि गेले तीन महिने काटा हललेला नाही. काकांना ते मान्य नाही. परवा लिफ्टमध्ये त्यांनी पुन्हा तिचा पंजा हातात घेतला आणि म्हणाले, "लॅब उशिरा भरतो."