‘पगार’ : एका शब्दाची कुळकथा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घराघरांत ज्याची वाट पाहिली जाते तो ‘पगार’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो परका आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ म्हणून आपण त्याच्यावर विनोदही करतो.

संस्कृताने आपल्याला ‘वेतन’ दिले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो शब्द आहे. फारसीने ‘दरमहा’ आणि ‘तनखा’ दिले. आपल्या या शहरात १९४८ पर्यंत निजामी अंमल होता. कचेऱ्यांतून उर्दू चाले, तेव्हा ‘तनखा’ हाच तेथला शब्द. ‘पगार’ मात्र समुद्रावरून आला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले, पुढे वसईत ठाण मांडले. चावी, साबण, पाव यांच्याबरोबर ‘देणे चुकते करणे’ या अर्थाचे त्यांचे ‘पगार’ हे क्रियापदही किनाऱ्यावर उतरले. मराठीने त्याचे नाम केले आणि ते घाट चढून मराठवाड्यापर्यंत पोचले.

या शब्दाची भावंडे युरोपभर आहेत. स्पॅनिशमध्ये ‘पगार’, इटालियनमध्ये ‘पगारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’. इंग्रजीचा ‘पे’ फ्रेंचांकडूनच आलेला. सर्वांची आई लॅटिन ‘पाकारे’. तिचा मूळ अर्थ ‘शांत करणे’, कारण ‘पाक्स’ म्हणजे शांतता. मग शांततेतून पैसा कसा निघाला? धनको दारात उभा असतो. त्याचे देणे दिले की तो शांत होतो. ‘शांत करणे’ याचे ‘देणे फेडणे’ झाले ते असे. रुमानियन भाषेत मात्र याच कुळातील ‘अंपका’ अजून ‘समेट करणे’ याच अर्थी नांदतो. ‘पाक्स’चा धातू ‘बांधणे’ या अर्थाचा असून आपला ‘पाश’ त्याचाच आप्त, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

ही कुळकथा केवळ गमतीची नाही. चिकलठाण्याचा वा वाळूजचा कामगार महिनाभर आधी राबतो, पैसे मागाहून घेतो. म्हणजे तीस दिवस तोच धनको असतो आणि मालक ऋणको! पगार ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ते फेडलेले ऋण आहे. ते वेळेवर फिटले तर घरात शांतता, थकले तर अशांतता. कामगाराच्या घरी हे कळायला लॅटिन शिकावे लागत नाही. पगार देणाऱ्यांनी मात्र या शब्दाचे मूळ विसरू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.