शृंगार आणि भय

साहित्यदर्पणकार विश्वनाथानें शृंगार व भयानक हे परस्परविरोधी रस मानले. तरीहि 'द हंगर' ही दूरचित्रवाणीमाला त्यांच्याच मिश्रणावर उभी आहे. तिचा पहिला भाग, 'द स्वोर्ड्‌स', १९९७ सालीं टोनी स्कॉट ह्यांनीं दिग्दर्शित केला. मुलांसमोर तो लावूं नये. परंतु रॉबर्ट एकमन (१९१४–१९८१) ह्यांची मूळ कथा वडील मंडळींनीं अवश्य वाचावी.

नायक एक अननुभवी, एकाकी फिरता विक्रेता. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जत्रेंत तो एका तंबूंत शिरतो. तेथें एक निस्तेज तरुणी बसलेली. प्रेक्षकांतील एकेक पुरुष उठून तिच्या देहांत तलवार खुपसतो आणि तिचें चुंबन घेतो. रक्ताचा थेंबहि नाहीं! तरुण घाबरून निघून जातो. पण पुढें तिचाच सहवास तो पैसे मोजून मिळवितो, आणि त्या एकांतांत तिचा हात मनगटापासून निखळून येतो.

आमच्या हडळी, यक्षिणी पुरुषाला भुलवून नेतात. ही बिचारी कोणाला भुलवीत नाहीं. तिला विकणारा निराळाच; घेणारा मात्र हा सालस तरुण. तंबूंतून तो पळाला खरा, परंतु तलवारीऐवजीं त्यानें पैसे पुढें केले, एवढेंच.