नववीतल्या मुलींचं ऐकणार कोण?

वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली यांच्यातलं नैराश्याचं प्रमाण जवळपास सारखं असतं. साधारण तेराव्या वर्षानंतर चित्र बदलतं आणि पुढच्या काही वर्षांत मुलींमधलं प्रमाण मुलग्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं. संप्रेरकांचा त्यात वाटा आहे, पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलून चालणार नाही. याच वयात मुलीच्या दिसण्यावर शेरे सुरू होतात, घरी 'कुठे चाललीस?' वाढतं आणि दिवसाचा मोठा भाग जातो शाळेत.

शाळेत आपल्याला मान मिळतो का, इथे आपण आहोत तसं वागता येतं का, असं विचारणारी १८ विधानांची प्रश्नावली कॅरल गुडेनाऊ यांनी १९९३ मध्ये मांडली. हे आपलेपण ज्यांना वाटतं त्यांच्यात उदासी कमी आढळते, हे त्यानंतर अनेक देशांत दिसून आलं.

मग शाळेत मैत्रीण आहेच की! तिच्यापाशी मन मोकळं केलं की बरं वाटतं, असं आपण सरसकट म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. मिसुरी विद्यापीठाच्या अमांडा रोझ यांनी शाळकरी मुलामुलींची सहा महिन्यांच्या अंतराने पाहणी केली. एकच दुखणं दोघींनी पुन्हापुन्हा उगाळलं, की मुलींची मैत्री घट्ट होत गेली आणि उदासी, चिंताही वाढली. मुलग्यांत मैत्री तेवढी वाढली. मैत्रिणीचा यात काय दोष? तीही त्याच वयाची. तिच्यावर हे ओझं टाकून मोठी माणसं मोकळी होतात, हे मला फार खटकतं.

मोठ्यांपैकी कोणी ऐकावं, याचं उत्तर बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सापडतं. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने तिथल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत नववीच्या मुलामुलींसाठी 'सेहर' हा कार्यक्रम तपासून पाहिला. निष्कर्ष २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. काही शाळांत खास नेमलेला 'सेहर मित्र' होता, काहींत तेच काम शिक्षकाकडे, उरलेल्यांत नेहमीचा जीवनकौशल्यांचा कार्यक्रम. सेहर मित्र मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. भित्तिपत्रक, चर्चागट, स्पर्धा, मनातलं लिहून टाकायला पेटी आणि ज्याला हवं त्याला एकट्याने बोलायची सोय, एवढाच पसारा. शैक्षणिक वर्ष संपताना सेहर मित्र असलेल्या शाळांचं वातावरण सुधारलं होतं. नैराश्य, दादागिरी, हिंसा कमी झाली होती. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र तोच कार्यक्रम राबवूनही लाभ दिसला नाही.

शिक्षकांची कळकळ कमी पडली, असं मी म्हणणार नाही. डोक्यावर अभ्यासक्रम आणि हातात गुण असलेल्या माणसाला घरची किंवा वर्गातली गोष्ट सांगणं मुलीला अवघड जातं, असं मला वाटतं. पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी जरूर करा. आणि मुख्याध्यापकांना हेही विचारा, की मुलींचं ऐकण्यासाठीच नेमलेलं असं कोणी तुमच्या शाळेत आहे का?