तिखट-गोड कोंबडी, चीज घातलेला बटाटा आणि पाण्याचा हिशेब

मध किंवा गूळ, लाल मिरची आणि लसूण यांचा चकचकीत थर चढलेली कोंबडी आणि तिच्या शेजारी चीज घालून घोटलेला मऊ बटाटा, या जेवणात चुकण्यासारख्या ज्या जागा आहेत त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी पाणी असते. कच्च्या कोंबडीत वजनाने सुमारे ७५ टक्के पाणी असते, बटाट्यात सुमारे ८० टक्के. मांसाच्या आतले पाणी टिकवायचे, त्याच्या पृष्ठभागावरचे घालवायचे, पाकातले आटवायचे आणि बटाट्यातले पेशींच्या आतच राहू द्यायचे, अशी एकमेकांच्या विरुद्ध जाणारी कामे एकाच संध्याकाळी करायची असतात.

सुरुवात मांसापासून. स्नायूंचे तंतू मुख्यतः दोन प्रथिनांचे बनलेले असतात, मायोसिन आणि ॲक्टिन. तापमान ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की मायोसिनची घडी मोडते आणि मांस पारदर्शकपणा सोडून पांढरट, घट्ट होऊ लागते. इथपर्यंत ते रसाळच असते. साधारण ६५ अंशांच्या पुढे ॲक्टिनही बदलू लागते, तंतू आक्रसतात आणि त्यांच्यातले पाणी बाहेर पडते. तव्यावर किंवा पातेल्याच्या तळाशी जे पाणी सुटलेले दिसते ते हेच. छातीच्या मांसात चरबी आणि जोडऊती दोन्ही कमी, त्यामुळे ते थोडे जास्त शिजले तरी कोरडे आणि चोथट लागते. मांडीच्या मांसाचे तसे नाही. त्यात कोलॅजेन भरपूर असते आणि ७० अंशांच्या वर काही वेळ राहिल्यावर ते विरघळून त्याचे जिलेटिन होते. तंतूंतले पाणी गेले तरी जिलेटिन त्यांच्यात ओलावा आणि मऊपणा धरून ठेवते. म्हणून मांडीचे मांस ८० अंशांच्या पुढे गेले तरी बिघडत नाही, उलट सुधारते. चिकट पाकात घोळवायच्या पदार्थासाठी मांडीचेच तुकडे घ्यावेत. छातीचे मांस वापरायचे तर डोळ्यांत तेल घालून आचेकडे बघावे लागते.

पाणी टिकवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे मीठ, आणि तेही वेळेवर लावलेले. एक किलो मांसाला १० ते १२ ग्रॅम मीठ लावून ते काही तास फ्रिजमध्ये ठेवले की मीठ आत झिरपते, मायोसिनचा काही भाग विरघळवते आणि तंतूंची पाणी धरण्याची ताकद वाढवते. ऐन शिजवताना घातलेले मीठ चव देते, पण हे काम करायला त्याला वेळच मिळत नाही. आपल्याकडे या थांबण्याला आणखी एक कारण आहे. कोंबडी डोळ्यांदेखत कापून घेऊन तासाभरात चुलीवर चढवण्याची पद्धत अजून सर्रास आहे. मृत्यूनंतर स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा उतरायला काही तास जातात. त्याआधी शिजवलेले मांस चिवट लागते. मीठ लावून ठेवलेल्या वेळात हे दोन्ही साधते.

कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची सवय मात्र सोडायला हवी. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जीवाणू धुण्याने मरत नाहीत. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर, बेसिनवर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात. त्यांना मारते ती उष्णता. तुकड्याच्या सर्वांत जाड भागात तापमान ७४ अंशांपर्यंत पोचले की मांस खाण्यास सुरक्षित मानतात. रंगावर भरवसा ठेवता येत नाही. बाजारातल्या ब्रॉयलर कोंबड्या जेमतेम सहा आठवड्यांच्या असतात, त्यांची हाडे सच्छिद्र असतात आणि मज्जेतला लाल रंग झिरपून पुरते शिजलेले मांसही हाडाजवळ लालसर दिसते. सुईसारखा टोचून तापमान दाखवणारा थर्मामीटर स्वयंपाकघरात असावा तो यासाठी.

आता पृष्ठभाग. मांस आतून शिजायला ७४ अंश पुरतात, पण बाहेरचा खमंग तपकिरी थर त्या तापमानाला येत नाही. तो थर म्हणजे मेयार्ड अभिक्रियेचे फळ. लुई-कामिय मेयार्ड या फ्रेंच वैद्यक-रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये दाखवले की अमिनो आम्ले आणि शर्करा एकत्र तापवल्या की मिश्रण तपकिरी होते. या अभिक्रियेचा सविस्तर आराखडा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉज यांनी १९५३ मध्ये मांडला. भाजलेल्या मांसाचा, पावाच्या कडेचा आणि भाजलेल्या कॉफीचा वास याच कुळातला आहे. ही अभिक्रिया १४० अंशांच्या वर जोरात चालते. ओला पृष्ठभाग मात्र, त्यावरचे पाणी संपेपर्यंत, १०० अंशांच्या वर जात नाही. आणि पाणी सहज संपत नाही. एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात, तर उकळत्या एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे ५४०. पॅनची सगळी उष्णता त्या वाफेत खर्च होते आणि कोंबडी भाजली जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडते.

यातून तीन गोष्टी निघतात. तुकडे कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने कोरडे टिपावेत. आपल्याकडे कोंबडी बहुधा कातडी काढून विकतात, त्यामुळे उघड्या मांसाला हे जास्तच लागते. पसरट, जाड बुडाचे भांडे चांगले तापल्यावरच त्यात तुकडे सोडावेत. आणि भांड्यात गर्दी करू नये, कारण जवळजवळ रचलेल्या तुकड्यांमधली वाफ बाहेर पडू शकत नाही. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर दिला तर पृष्ठभागावरची ओल स्टार्चमध्ये शोषली जाते आणि पुढे पाकही त्यावर चांगला धरतो. मांस मोठ्या आचेवर भाजले की रस आत कोंडला जातो, ही समजूत १८४७ मध्ये युस्टुस फॉन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या पुस्तकातून पसरली. ती चूक आहे. तपकिरी थर पाणी अडवत नाही. भाजायचे ते चवीसाठी.

गोडाचा थर या टप्प्यानंतरच द्यावा. मधात सुमारे ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज आणि १७ ते १८ टक्के पाणी असते. फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच करपण्याच्या वाटेला लागते, साध्या साखरेला मात्र १६० अंशांच्या पुढे जावे लागते. शिवाय ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मेयार्ड अभिक्रियेत थेट भाग घेतात, साखर तुटल्याशिवाय घेत नाही. म्हणून सुरुवातीलाच मध लावलेली कोंबडी आतून कच्ची असतानाच बाहेरून काळी पडते. गुळात मुख्यतः साखरच असली तरी तिच्या जोडीला थोडे ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि खनिजे असतात. तो मधापेक्षा सावकाश रंगतो आणि त्याची चव मिरचीच्या जोडीला जास्त खोल उतरते.

पाक आटवताना जे घडते ते लाडूवड्या करणाऱ्या प्रत्येकाला हाताने माहीत आहे. पाणी कमी होत जाते तसा उत्कलनबिंदू चढतो. ८० टक्के साखर असलेला पाक सुमारे ११२ अंशांना उकळतो. कोंबडीसाठी पाक एकतारीच्या अलीकडे असतानाच थांबावे, कारण ताटात थंड होताना तो आणखी घट्ट होतो. त्यात घातलेला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस दोन कामे करतो. आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटतो, त्यामुळे स्फटिक धरत नाहीत आणि थर काचेसारखा राहतो. तसेच आम्ल मेयार्ड अभिक्रियेचा वेग कमी करते, म्हणजे करपण्याआधी थोडी उसंत मिळते. लसूण त्यात अगदी शेवटी, मंद आचेवर घालावा. त्याच्या बारीक तुकड्यांत पाणी थोडे, ते पटकन वाळून कडू होतात.

मिरचीचे शास्त्र या ताटातला सर्वांत सुंदर भाग आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि पुढे इथलीच झाली. तिच्यातला तिखटपणा कॅप्सेसिन वर्गातल्या रेणूंचा असतो. ते बियांत तयार होत नाहीत, बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्या शिरांत तयार होतात. लाल रंग वेगळ्या रेणूंचा असतो, म्हणून ब्याडगी मिरची भरपूर रंग देऊनही सौम्य राहते आणि लवंगी मिरची चिमूटभरातही जाळते. रंग आणि तिखटपणा, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे मिरची आधी कोमट तेलात किंवा लोण्यात फुलवून मग पाकात घातली तर तिचा गुण सगळीकडे सारखा पसरतो.

तिखट ही जिभेची चव नाही, ती वेदना आहे. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये चेतातंतूंवरचा तो ग्राहक रेणू शोधला, ज्याला टीआरपीव्ही१ म्हणतात. एरवी तो ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेने उघडतो आणि भाजल्याची सूचना मेंदूला देतो. कॅप्सेसिन त्याला चिकटले की तो शरीराच्या साध्या तापमानालाही उघडतो. गरम रस्सा थंड रश्श्यापेक्षा तिखट लागतो तो यामुळेच. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळाले. पक्ष्यांमध्ये हाच ग्राहक रेणू कॅप्सेसिनला दाद देत नाही, आणि २००२ मध्ये हे ज्या पक्ष्याच्या रेणूवर दाखवले गेले तो पक्षी कोंबडी होता. मिरचीच्या बिया दळून टाकणारे सस्तन प्राणी तिखटाने दूर राहतात आणि बिया अखंड बाहेर टाकणारे पक्षी त्या दूरवर पसरवतात.

गोड आणि तिखटाची जोडी तिखट मोजण्याच्या पहिल्या पद्धतीतही आहे. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये, म्हणजे मेयार्ड यांच्याच वर्षी, मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला. चाखणाऱ्यांना जळजळ जाणवेनाशी होईपर्यंत किती पट पातळ करावा लागला, तो त्या मिरचीचा अंक. शुद्ध कॅप्सेसिनचा अंक १ कोटी ६० लाख येतो. गोडामुळे जिभेवरची जळजळ कमी वाटते, हे त्यानंतरच्या प्रयोगांतही दिसले आहे.

तोंड भाजल्यावर पाणी पिऊन काही उपयोग होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध मात्र उपयोगी पडते. त्यातले केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते आणि दुधातली चरबी त्याला विरघळवते. म्हणूनच या कोंबडीशेजारी दूध, लोणी आणि चीज घातलेला बटाटा असणे नुसते हौसेचे नाही.

बटाट्याची प्रत्येक पेशी स्टार्चच्या कणांनी भरलेली पिशवी आहे आणि शेजारच्या पेशींना पेक्टिन चिकटवून ठेवते. ६० ते ७० अंशांच्या दरम्यान स्टार्चचे कण पेशीतलेच पाणी शोषून फुगतात. त्याहून जास्त तापमानाला पेक्टिन विरघळू लागते आणि पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. चांगला घोटलेला बटाटा म्हणजे सुट्या झालेल्या, पण न फुटलेल्या पेशी. पेशी फुटल्या तर फुगलेला स्टार्च बाहेर सांडतो आणि सगळ्याची खळ होते. मिक्सरच्या पात्यांनी हे काही सेकंदांत घडते, आणि एकदा घडले की उपाय उरत नाही.

मराठी घरांत या कामासाठी उत्तम साधन पिढ्यान्‌पिढ्या आहे: पुरणयंत्र. त्याच्या जाळीतून दाबलेला गरम बटाटा भुसभुशीत उतरतो, कारण पेशी कापल्या न जाता वेगळ्या होतात. बटाटा गरम असतानाच हे करावे, थंड झाला की पेक्टिन पुन्हा आवळते आणि दाबताना पेशी फाटतात. कुकरमध्ये, जिथे पाणी सुमारे १२० अंशांना उकळते, बटाटे सालासकट आणि अख्खे शिजवावेत. चिरलेल्या फोडी पाणी पितात आणि मग दूध-लोण्याला जागा राहत नाही. सोलल्यावर मंद आचेवर मिनिट-दोन मिनिटे फिरवून वाफ जाऊ द्यावी. बटाटा पिठूळ जातीचा असावा, चिप्ससाठी पिकवलेल्या जातींत कोरडा अंश जास्त असतो. फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा टाळावा, कमी तापमानात त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तो गोडसर लागतो. लोणी आधी आणि गरम दूध नंतर घालावे, म्हणजे चरबीचा थर थोड्याफार सुटलेल्या स्टार्चला पाण्यापासून दूर ठेवतो.

चीज शेवटी. चीज म्हणजे कॅल्शियमने बांधलेली केसिनची जाळी, आणि त्या जाळीत अडकलेली चरबी व पाणी. साधारण ५५ ते ६५ अंशांना जाळी सैल होऊन वाहू लागते. फार तापवले तर प्रथिने आवळतात आणि तूप वेगळे सुटते. बटाट्यातला स्टार्च प्रथिनांच्या गुठळ्या होऊ देत नाही, म्हणून इथे चीज बरेच सांभाळून घेतले जाते. तरी भांडे आचेवरून उतरवून, किसलेले चीज थोडे थोडे मिसळणे बरे. मोझरेला तारा देते, जुने मुरलेले चेडर तारा कमी आणि चव जास्त देते. बाजारातल्या प्रोसेस्ड चीजमध्ये असलेले सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षार कॅल्शियम बांधून ठेवतात, त्यामुळे ते न फुटता एकजीव वितळते. पनीर या कामाचे नाही. ते गरम दूध आम्लाने फाडून बनवतात. आम्लात जाळीतले बरेचसे कॅल्शियम निघून जाते, दुधाच्या निवळीतली प्रथिनेही केसिनला चिकटतात आणि तयार झालेली घट्ट वीण उष्णतेने वितळत नाही. चीज आणि बटाट्याच्या या मेळाचे सर्वांत ठळक उदाहरण फ्रान्सच्या ओब्राक भागातला अलिगो. तिथे ताजे, न मुरलेले तोम चीज गरम बटाट्यात लाकडी पळीने इतके घोटतात की पळी उचलली की हातभर लांब तारा येतात.

उरलेल्या पदार्थांचीही रीत आहे. शिजलेली कोंबडी आणि घोटलेला बटाटा दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिजच्या थंडीत बटाट्यातला फुगलेला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी तो दूध घालून पूर्ववत करण्यापेक्षा त्याच्या टिक्क्या वळून तव्यावर भाजाव्यात, कारण त्याच घट्टपणामुळे त्या फुटत नाहीत. कोंबडी मात्र आतपर्यंत पुन्हा ७४ अंशांना गरम करूनच वाढावी.