पाटी कुणाची, सही कुणाची?

मोठ्या सोसायटीच्या फाटकाजवळचा नावांचा फलक कधी नीट वाचून पाहावा. त्यावरच्या 'सीए'मागे १९४९चा कायदा आहे, 'ॲडव्होकेट'मागे १९६१चा आणि 'आर्किटेक्ट'मागे १९७२चा. तिन्ही व्यवसायांची नोंदवही आहे आणि गैरवर्तन केलं तर त्या नोंदवहीतून नाव काढता येतं. त्याच फलकावर 'इंजिनिअर' लिहिणाऱ्याला मात्र जाब विचारेल असा संसदेचा एकही कायदा नाही. पदवीधर, डिप्लोमावाला, सॉफ्टवेअर लिहिणारा, साइटवर पंचवीस वर्षं काढलेला सुपरवायझर, यांतला कुणीही ती पाटी लावू शकतो.

जगात सर्वांत जास्त इंजिनिअर घडवणाऱ्या देशांपैकी एक असलेल्या आपल्याकडे ही स्थिती आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२०पासून आहे, १९३५मध्ये तिला राजसनद मिळाली आणि 'चार्टर्ड इंजिनिअर' हे बिरुद ती देते. पण ते घेणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. इंजिनिअरांची वैधानिक परिषद असावी म्हणून गेल्या दोन दशकांत मसुदे निघाले, चर्चासत्रं झाली आणि प्रत्येक वेळी गाडी तिथेच अडली.

म्हणून आधी एक प्रश्न सोडवायला हवा. कायद्याने राखायचं ते काय? नाव, काम की सही?

पाण्याचे नकाशे आणि पडलेले पूल

अमेरिकेतला पहिला परवाना कायदा १९०७ साली वायोमिंग या राज्यात झाला, आणि तो पाण्यापायी झाला. पाणीहक्काच्या अर्जाला कालव्याचा नकाशा जोडावा लागे. हे नकाशे वकील, नोटरी, जो येईल तो काढून देत असे आणि खाली इंजिनिअर म्हणून सही ठोकत असे. राज्याचे मुख्य अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन यांनी हा प्रकार बंद करण्यासाठी कायदा करून घेतला. म्हणजे मुळात प्रश्न पाटीचा नव्हताच, नकाशाखालच्या सहीचा होता.

त्याच वर्षी २९ ऑगस्टला कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला क्वेबेक पूल कोसळला. ७५ कामगार गेले. त्यांत तीसहून अधिक जण मोहॉक या आदिवासी समाजाचे होते. या पुलाचे सल्लागार थिओडोर कूपर हे तोतया नव्हते. ते अमेरिकेतले नावाजलेले पूलतज्ज्ञ होते. त्यांनी मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला, पण वाढलेल्या पुलाचं स्वतःचं वजन नव्याने मोजलं गेलं नाही. कूपर न्यूयॉर्कमध्ये बसून कामावर देखरेख करत होते. इकडे दाब पेलणाऱ्या खालच्या तुळईला पाऊण इंचाचा बाक आला होता, तो सव्वादोन इंचांवर गेला. साइटवरचा तरुण इंजिनिअर नॉर्मन मॅक्लूर ही खबर घेऊन रेल्वेने न्यूयॉर्कला पोहोचला. आणखी भार चढवू नका, अशी तार कूपर यांनी केली, पण ती क्वेबेकला नव्हे, पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीच्या कचेरीत. त्याच संध्याकाळी पूल नदीत गेला.

कॅनडातले नवे इंजिनिअर आजही शपथ घेताना करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. त्या विधीची संहिता आपल्या मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने लिहिली आणि १९२५मध्ये पहिल्या अंगठ्या दिल्या गेल्या. ती अंगठी क्वेबेकच्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते ही दंतकथा. पण ती दंतकथा इतकी वर्षं टिकून आहे, यातच त्या पुलाची दहशत कळते.

कॅलिफोर्नियातली गोष्ट याच्या उलट. लॉस एंजेलिसला पाणी आणणारे विल्यम मुलहॉलंड कालव्याची साफसफाई करता करता मुख्य अभियंता झाले. कॉलेजचं तोंड न पाहता, पुस्तकं वाचून शिकलेला माणूस. १२ मार्च १९२८ रोजी सेंट फ्रान्सिस धरणातून गढूळ पाणी झिरपतंय, असं रखवालदाराने कळवलं. मुलहॉलंड येऊन पाहून गेले आणि धरण सुरक्षित आहे म्हणाले. मध्यरात्रीच्या आत धरण फुटलं. चारशेहून अधिक माणसं वाहून गेली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने सिव्हिल इंजिनिअरांची नोंदणी सक्तीची केली.

एकाकडे पदवी आणि कीर्ती दोन्ही, दुसऱ्याकडे नुसता अनुभव. दोन्ही कामं पडली. समान धागा इतकाच की एकट्या माणसाचा शब्द अखेरचा होता आणि त्याचं गणित दुसऱ्या कुणी पडताळलं नाही. परवान्याने हे आपोआप सुधारत नाही. पण कुणाला जबाबदार धरायचं हे तो आधीच ठरवून ठेवतो.

नावाचा सोवळेपणा

नुसतं नावच जपत बसलं की काय होतं, तेही अमेरिकेतच दिसलं. ऑरेगन राज्यात एका गृहस्थांच्या पत्नीला सिग्नल मोडल्याचा दंड झाला. मूळचे स्वीडनचे आणि इलेक्ट्रिकलचं शिक्षण घेतलेले हे गृहस्थ पिवळ्या दिव्याच्या वेळेचं सूत्र तपासू लागले. वळणाऱ्या गाडीला लागणारा जास्तीचा वेळ त्या सूत्रात धरलेलाच नाही, असं त्यांनी दाखवलं. हे सरकारी मंडळाला कळवताना त्यांनी पत्रात स्वतःला इंजिनिअर म्हटलं. मंडळाने गणित बाजूला ठेवून परवाना नसताना इंजिनिअर म्हणवता म्हणून ५०० डॉलरचा दंड ठोठावला. २०१८च्या डिसेंबरात फेडरल न्यायालयाने मंडळाला चूक ठरवलं आणि त्या गृहस्थांना स्वतःला इंजिनिअर म्हणवण्याची मोकळीक दिली. नागरिकाने हिशेब मांडला तर तो तपासायचा असतो, त्याची पाटी नव्हे.

आपल्याकडे आर्किटेक्टांच्या कायद्याचा अर्थ लावताना मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकी हीच रेघ आखली. नोएडातल्या पदोन्नतीवरून उभ्या राहिलेल्या या खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की, नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' म्हणवता येणार नाही, पण इमारतीचा आराखडा करण्याला या कायद्याने मज्जाव केलेला नाही. थोडक्यात, नाव राखीव आणि काम मोकळं.

आपल्या छताखालची सही

महाराष्ट्रात इंजिनिअरांची गोष्ट याच्या उलट आहे. नाव मोकळं, पण सही राखीव. २०२०च्या एकीकृत विकास नियमावलीत आणि मुंबईच्या स्वतंत्र नियमावलीतही नकाशा मंजुरीसाठी परवानाधारक तज्ज्ञ लागतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही नसेल तर फाइल हलत नाही. हा परवाना स्थानिक प्राधिकरण देतं. देशभराची एक नोंदवही नसल्याने एका शहराने ज्याचा परवाना काढून घेतला, तो दुसऱ्या राज्यात दुकान मांडतोय का, हे कळायची सोय नाही.

या सहीचं मोल कळतं ते स्ट्रक्चरल ऑडिटच्या वेळी. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला ऑडिट बंधनकारक आहे. चांगला ऑडिटर गच्चीपासून पाण्याच्या टाकीखालच्या कोपऱ्यापर्यंत फिरतो. कॉलमवर हातोडीने ठोकून प्लास्टर पोकळ वाजतंय का, ते ऐकतो. सळईच्या रेषेत गेलेली चीर आणि तिच्यातून उतरलेला गंजाचा डाग टिपून घेतो. रिबाउंड हॅमर लावतो, गरज पडली तर काँक्रीटचा गोल गाभा कापून प्रयोगशाळेत पाठवतो. मग इमारत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ म्हणजे मोठ्या दुरुस्तीची, की सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची, ते ठरतं. त्या एका अक्षर-आकड्यावर शेकडो बिऱ्हाडांचं नशीब लटकलेलं असतं. म्हणूनच घरमालकाचा अहवाल सी-१ आणि भाडेकरूंचा सी-२, असे परस्परविरोधी कागद येतात आणि प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. इमारत तीच, काँक्रीट तेच, सह्या मात्र दोन!

१४ मार्च २०१९च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या हिमालय पुलाचा स्लॅब भर गर्दीच्या वेळी रस्त्यावर कोसळला. सात जणांचा जीव गेला. त्याआधी झालेल्या ऑडिटमध्ये हा पूल किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. ऑडिटरला अटक झाली. पुढच्या वर्षी, २४ ऑगस्ट २०२०ला, महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत बसली आणि १६ जण दगावले. गुन्हा नोंदला गेला त्यात बिल्डरबरोबर आरसीसी कन्सल्टंटही होता. माणसं गेल्यावर पोलिस सही शोधत येतात. आधी ती सही तपासणारी व्यावसायिक परिषद मात्र नसते.

गुजरातला हे भूकंपाने शिकवलं. २६ जानेवारी २००१ला भूकंपाचं केंद्र भुजजवळ होतं, पण दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती पडल्या. कित्येकींच्या खाली गाड्यांसाठी भिंतींविना मोकळा मजला होता आणि सगळा हादरा त्या उघड्या कॉलमांवर आला. त्यानंतर २००६मध्ये गुजरातने सिव्हिल इंजिनिअरांच्या नोंदणीचा स्वतःचा कायदा केला.

तात्पर्य हे की, 'इंजिनिअर' हा शब्द कुलूपबंद करायची गरज नाही. ज्याला हौस असेल त्याने पाटीवर लिहावा. पण ज्या कागदावर लोकांचे जीव तोलले जातात, त्यावर सही करणाऱ्याचं नाव देशभरात चालेल अशा एकाच नोंदवहीत असावं, ती नोंदवही कुणालाही उघडून पाहता यावी, मोठ्या कामाचं गणित दुसऱ्या इंजिनिअरने तपासावं आणि सही विकणाऱ्याचं नाव त्या वहीतून कायमचं खोडता यावं. संसदेने हा कायदा करायला हवा आणि तो व्हावा म्हणून इंजिनिअरांच्या संघटनांनीच पुढे यायला हवं.

तोवर वाचकांना एक सांगणं. सोसायटीच्या पुढच्या सभेत ऑडिटचा अहवाल आला की शेवटचं पान आधी उघडा. सही कुणाची, परवाना क्रमांक कोणता, मुदत संपलेली नाही ना, आणि ती सही करणारा माणूस आपल्या इमारतीत प्रत्यक्ष येऊन गेला का, हे चार प्रश्न विचारा. उत्तर नीट मिळालं नाही, तर ठरावाला हात वर करू नका.